होकारांची चाळणी

उन्माद व विषाद हीं एकाच रोगाचीं रूपें होत, असें जर्मन वैद्य क्रेपेलिन यांनीं १८९९ मध्यें प्रतिपादिलें. पहिल्या महायुद्धांत अमेरिकेच्या वुडवर्थ यांनीं सैनिकांचीं मनें पारखण्यास प्रश्नावली रचली. ती वापरण्यापूर्वींच युद्ध संपलें. ह्या दोन धाग्यांची गांठ २००० सालीं पडली. हिर्शफेल्ड प्रभृतींनीं ह्या रोगासाठीं तेरा प्रश्न योजिले. एकाच काळचे सात तरी होकार व त्यामुळें संसारांत बरीच अडचण, इतकें आढळलें कीं तपासणी करावी.

परंतु खानदेशांत कापसाचे पैसे चार दिवसांत उधळणारा, रात्रभर न झोपणारा मनुष्य स्वतःस रोगी मानीत नाहीं. तो ‘नाहीं’ लिहितो. पुढें तोच विषादानें खचून आला असतां केवळ विषादाचें औषध दिल्यास उन्माद उसळूं शकतो. म्हणून जळगांव असो कीं धुळें, तेथील वैद्यकीय महाविद्यालयांत रोग्यासह घरच्यांनींहि जावें व तो जुना काळ सांगावा. प्रश्नावली ही केवळ चाळणी, निदान तज्ज्ञाचेंच.