वऱ्हाडची गझल-परंपरा आणि ‘सुन्या सुन्या मैफिलीत’ या चित्रपटगीताची घडण : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

लोकप्रिय गीताचा इतिहास सांगताना प्रथम गायकाचे, नंतर संगीतकाराचे नाव घेतले जाते. कवीचा उल्लेख अनेकदा श्रेयनामावलीपुरता उरतो आणि तो कवी ज्या प्रदेशात घडला त्या प्रदेशाचा विचार तर क्वचितच होतो. डॉ. जब्बार पटेल दिग्दर्शित ‘उंबरठा’ (१९८२) या चित्रपटातील ‘सुन्या सुन्या मैफिलीत’ हे गीत या दृष्टीने अभ्यासनीय आहे. लता मंगेशकर यांचा स्वर आणि पं. हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत लाभलेली ही रचना मूलतः गझल असून तिचे कवी सुरेश भट हे अमरावतीचे होत. हे गीत मुंबईच्या ध्वनिमुद्रण व्यवसायाचे अपत्य मानावे, की वऱ्हाडात रुजलेल्या काव्यशास्त्राचे फळ मानावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

वऱ्हाडची सांस्कृतिक पार्श्वभूमी

वऱ्हाड हा मराठी व दखनी-उर्दू यांच्या सहवासाचा प्रदेश आहे. अचलपूर ही इमादशाहीची राजधानी होती. पुढे मोगल व निजाम यांच्या अमलात फार्सी ही राज्यकारभाराची भाषा राहिली. १८५३ च्या तहाने हा प्रांत इंग्रजांच्या ताब्यात आला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. राजवटी बदलल्या, तरी अमरावती, अकोला, बाळापूर, अचलपूर या गावांतील उर्दू भाषिक समाज व त्याची काव्यरुची टिकून राहिली. त्यामुळे शेर, मतला, रदीफ या संज्ञा येथील मराठी रसिकाला सर्वस्वी परक्या नव्हत्या.

मराठीत गझलेचा पद्धतशीर विचार माधव जूलियन यांनी केला. त्यांच्या ‘गज्जलांजली’ने (१९३३) फार्सी वृत्तांची ओळख मराठी वाचकास करून दिली. तथापि वृत्त मराठीत आले म्हणजे गझलेची प्रकृतीही आली, असे म्हणता येत नाही. दोन ओळींच्या शेरास स्वयंपूर्ण कवितेचे सामर्थ्य देण्याचे कार्य बव्हंशी अपुरे होते. ते सुरेश भटांनी हाती घेतले.

सुरेश भट आणि गझलेचे व्याकरण

सुरेश भट यांचा जन्म १५ एप्रिल १९३२ रोजी अमरावती येथे झाला. बालपणी झालेल्या पोलिओने त्यांचा एक पाय अधू झाला. वाचन व संगीत हेच त्यांचे सोबती ठरले. ‘रूपगंधा’ (१९६१), ‘रंग माझा वेगळा’ (१९७४), ‘एल्गार’ (१९८३) आणि ‘झंझावात’ (१९९४) या संग्रहांतून त्यांची वाटचाल दिसते. ‘गझलची बाराखडी’ या पुस्तिकेद्वारे त्यांनी वृत्त, काफिया व रदीफ यांचे नियम नवोदितांपर्यंत पोहोचविले. गझल हा गीताचा एक प्रकार नसून तिला स्वतःचे व्याकरण आहे, हा त्यांचा आग्रह अखेरपर्यंत कायम होता. १४ मार्च २००३ रोजी नागपूर येथे त्यांचे निधन झाले.

रचना आणि स्वरयोजना

विचाराधीन गझलेच्या प्रत्येक ओळीत लघु-गुरू-लघु-गुरू-गुरू हा गट चार वेळा येतो. एका ओळीत २० अक्षरे व ३२ मात्रा भरतात. अमीर खुस्रोच्या नावे प्रसिद्ध असलेली फार्सी-हिंदवी मिश्र गझल याच वृत्तातील आहे. म्हणजे ज्या वृत्ताचा प्रवास इराण व दिल्लीमार्गे झाला, ते अमरावतीच्या कवीने संपूर्णपणे मराठी शब्दांवर पेलले. आठ-आठ मात्रांचे चार समान गट हे संगीतकाराच्या दृष्टीने अत्यंत सोयीचे असतात. प्रत्येक गटाच्या शेवटी लागोपाठ दोन गुरू येत असल्यामुळे स्वराला विसावा मिळतो आणि आरंभीचा लघू पुढील उचल सुचवितो. गीताची संथ, हुरहुर लावणारी गती केवळ चालीतून आलेली नाही; तिचे बीज वृत्तातच आहे.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. इंग्लंडमधील ‘टेन सीसी’ या वाद्यवृंदाचे ‘आय ॲम नॉट इन लव्ह’ हे संथ प्रेमगीत १९७५ मध्ये गाजले. वाद्यवृंदातील सदस्यांनीच शब्द व चाल रचली, तेच गायले आणि मोजक्या कंठांचे वारंवार ध्वनिमुद्रण करून त्यांनी शेकडो आवाजांचा आभास निर्माण केला. तेथे गीताची घडण प्रामुख्याने स्टुडिओत झाली. मराठी गीतात मात्र कवी, संगीतकार व गायिका या तीन स्वतंत्र व्यक्ती असतात आणि गझलेच्या बाबतीत घडणीचा पहिला व निर्णायक टप्पा कागदावर पूर्ण झालेला असतो. संगीतकार त्यात मात्रा वाढवू वा घटवू शकत नाही. तो तिचा अर्थ उलगडतो.

चित्रपटातील स्थान

भट, हृदयनाथ व जब्बार पटेल हे तिघे यापूर्वी ‘सिंहासन’मध्ये (१९७९) एकत्र आले होते. त्यातील ‘उषःकाल होता होता’ हे आशा भोसले यांनी गायिलेले गीत सामाजिक वैफल्याचा उद्गार म्हणून ओळखले गेले. ‘उंबरठा’ हा शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवर आधारित असून पटकथा विजय तेंडुलकर यांची आहे. स्मिता पाटील यांनी साकारलेली सुलभा महाजन महिलाश्रमाच्या कामासाठी घराबाहेर पडते. परतल्यावर तिला ते घर आपले उरले नसल्याचे उमगते. या कथेच्या संदर्भात गझलेतील विरहाला नवा अर्थ प्राप्त झाला. उर्दू परंपरेत बहुधा पुरुषमुखाने व्यक्त होणारी व्यथा येथे एका स्वतंत्र विचाराच्या स्त्रीच्या एकाकीपणाशी जोडली गेली.

लोकप्रियतेचे दोन परिणाम

चित्रपट, आकाशवाणी व ध्वनिफिती यांमुळे गझल हा शब्द मराठी घरांत पोहोचला, हा पहिला परिणाम होय. दुसरा परिणाम मात्र भटांच्या आग्रहाला छेद देणारा आहे. कथानकाच्या ओघात ऐकताना श्रोता सर्व शेर एकाच भावनेचे सलग कडवे समजतो. प्रत्येक शेराचे स्वातंत्र्य झाकोळते. ज्या गीताने गझलेला सर्वाधिक श्रोते दिले, त्याच गीताने तिला भावगीताच्या रांगेत नेऊन बसविले, असे म्हणणे वावगे ठरू नये.

हा समतोल पुढे वऱ्हाडानेच काही अंशी सावरला. अमरावती जिल्ह्यातील आष्टगाव येथील भीमराव पांचाळे यांनी चित्रपटाच्या आधाराशिवाय, निव्वळ मैफलीतून मराठी गझल गायिली आणि शेराचा अर्थ श्रोत्यांपर्यंत स्वतंत्रपणे पोहोचविण्याची पद्धत रुजविली. अकोल्याचे श्रीकृष्ण राऊत यांच्यासारख्या कवींनी लेखनाच्या बाजूने हे व्रत चालविले.

निष्कर्ष

‘सुन्या सुन्या मैफिलीत’ हे गीत मुंबईच्या चित्रपटसृष्टीतून रसिकांपर्यंत गेले, परंतु त्याचा पाया वऱ्हाडच्या द्विभाषिक संस्कारात व भटांच्या काटेकोर वृत्तसाधनेत आहे. संगीतकार व गायिकेचे श्रेय यामुळे उणे होत नाही. उलट, सिद्ध रचनेला त्यांनी दिलेला न्याय अधिक स्पष्ट होतो. महाविद्यालयीन अध्यापनात ही रचना बहुधा चित्रपटगीत म्हणून परिचित असते. ती गझल म्हणून, शेराशेराने शिकविली गेल्यास विद्यार्थ्यांना एका परिचित सुरावटीतून वृत्तशास्त्राकडे जाता येईल. तसेच अमरावती-अकोला परिसरातील मैफली व मुशायरे यांच्या आठवणी सांगणारी पिढी वयोवृद्ध होत आहे. त्या आठवणींचे संकलन स्थानिक महाविद्यालयांनी वेळीच केले नाही, तर मराठी गझलेच्या इतिहासात गीते उरतील. त्यांची जन्मभूमी मात्र तळटीपेपुरतीही उरणार नाही.