विहिरीवरचे इंजिन ते पिकअप : राहाता परिसरातील डिझेल दुरुस्ती

राहाता परिसरात डिझेल इंजिन रस्त्यावर दिसू लागण्याआधी विहिरीवर आले. दारणा धरण आणि नांदूर मधमेश्वर बंधाऱ्याच्या जोरावर गोदावरीचे कालवे १९१०च्या दशकात इकडे पोहोचले. १९२६ साली भंडारदरा धरण पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांना भरवशाचे पाणी मिळाले. कालव्याच्या पाझराने विहिरी भरू लागल्या, ऊस वाढला, पेरूच्या बागा उभ्या राहिल्या. १९५०-५१च्या हंगामात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हा उसाची भूक आणखी वाढली. एवढे पाणी उपसणे मोटेच्या आवाक्यातले नव्हते. साताऱ्याच्या कूपर कंपनीने १९३०च्या दशकात डिझेल इंजिने बनवायला घेतली होती. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि ‘किर्लोस्कर’ हा शब्द बांधावर इंजिनाला पर्याय म्हणून रुळला.

ते इंजिन बहुधा एका सिलिंडरचे असे. त्यात बिघाड लपत नसे. डिझेल फवारणारे नोझल खराब झाले की इंजिन काळा धूर सोडी किंवा बंदच पडे. फिटर नोझल काढून बाहेरच पाइपाला जोडी, हँडल फिरवी आणि फवारा नजरेने तपासी. पुढे वीज आली, विहिरींवर मोटारी बसल्या, पण ही कारागिरी वाया गेली नाही. नगर-मनमाड मार्गावरचे ट्रक, उसाचे ट्रॅक्टर आणि नंतर जीप यांनी तिला नवे गिऱ्हाईक दिले.

सुटे भागही तोपर्यंत देशातच बनू लागले होते. बॉश कंपनीच्या तंत्रावर १९५१ साली बेंगळुरूला ‘मायको’ सुरू झाली आणि १९७०च्या दशकात तिच्या नाशिकच्या कारखान्यातून नोझले बाहेर पडू लागली. याच काळात ‘पंप-नोझल’ हा दुरुस्तीतला स्वतंत्र धंदा ठरला. साधा मेकॅनिक इंजिन उघडी; नोझलला डिझेल पुरवणारा पंप मात्र टेस्ट बेंच असलेल्या ‘डिझेल लॅब’मध्ये जाई.

चार सिलिंडरच्या गाडीने नवे दुखणे आणले. स्लोवर, म्हणजे गाडी उभी असून रेस न देता, इंजिन थरथरते, मध्येच ‘मिस मारते’, रेस दिली की गुळगुळीत चालते. कारण साधे आहे. स्लोवर प्रत्येक फवाऱ्यात डिझेल असते जेमतेम काही घन मिलिमीटर. त्यात एका सिलिंडरला किंचित कमी-जास्त पडले तरी धक्का जाणवतो. वेग वाढला की फ्लायव्हील ती तफावत गिळून टाकते.

जुन्या मेकॅनिकची तपासणी ठरलेल्या क्रमाने चाले. आधी फिल्टरमधले पाणी काढायचे, मग हँड प्रायमर मारून लाइनीतली हवा. तरीही मिसिंग राहिले तर चालू इंजिनावर एकेका नोझलच्या पाइपाचा नट सैल करायचा. नट सैल केल्यावर इंजिनाचा आवाज बदलला तर तो सिलिंडर काम करतो आहे. बदलला नाही, तर दोष तिथेच. त्यानंतर ते नोझल टेस्टरवर चढे. इंजिनाच्या जातीनुसार साधारण १२५ ते २५० बारला ते उघडावे, फवारा धुक्यासारखा बारीक निघावा आणि टोकाला थेंब लोंबू नये. नोझल चांगले निघाले तर तांब्याचा वॉशर, व्हॉल्व्हचे अंतर आणि कॉम्प्रेशन पाहायचे. पंपाला हात सगळ्यांत शेवटी. नोझल अकाली झिजलेले असले की संशय रॉकेलवर जाई. रेशनच्या रॉकेलला भेसळ ओळखू यावी म्हणून निळा रंग दिला जाई, तरी डिझेलमध्ये ते मिसळले जाईच. आणि रॉकेलात वंगणाचा गुण कमी असल्याने पंपाचे आणि नोझलचे पृष्ठभाग घासले जात.

२००० नंतर राहात्याच्या बाजार समितीकडे डाळिंब, पेरू, कांदा घेऊन येणाऱ्या वाहनांत पिकअपची संख्या वाढत गेली. १ एप्रिल २०१७ला बीएस-४ आणि १ एप्रिल २०२०ला बीएस-६ ही धुराची मानके देशभर लागू झाली, आणि या गाड्यांत कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणारी पद्धत, पक्की झाली. आता दाब दीड हजार बारच्या वर जाऊ शकतो आणि नोझल ज्यात बसते तो इंजेक्टर संगणकाच्या हुकमाने उघडतो. नट सैल करण्याची जुनी युक्ती इथे कामाची नाही, ती धोक्याची आहे : एवढ्या दाबाची धार कातडी फोडून आत शिरते आणि तातडीची शस्त्रक्रिया करण्याची वेळ येते.

तपासणीचा तर्क मात्र तोच राहिला. नट सैल करण्याऐवजी स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरचे करेक्शन वाचतात, म्हणजे थरथर झाकण्यासाठी संगणकाने कुठे डिझेल वाढवले आणि कुठे कमी केले ते पाहतात. नोझल टेस्टरच्या आधी रिटर्न पाइपांना बाटल्या लावतात. ज्या बाटलीत डिझेल जास्त साठते तो इंजेक्टर आतून गळतो. अनेक गाड्यांत नवा इंजेक्टर बसवल्यावर त्याचे कोडिंगही करावे लागते. या व्यवस्थेत एक खोट आहे, आणि ती मोठी आहे : संगणक दोष सावरून घेत राहतो. जुन्या पंपाची गाडी लवकर कुरकुरे. नवी गाडी सावरण्याची मर्यादा संपेपर्यंत गप्प राहते.

स्कॅनरने दाखवलेला कोड म्हणजे निदान, हा समज या धंद्यातला सर्वांत महागडा गैरसमज आहे. पाणी धरलेला फिल्टर, धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणारा पण काजळीने अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह, उंदराने कुरतडलेली वायर, यांतले काहीही स्लोवर तशीच थरथर देते आणि दोष इंजेक्टरच्या माथी जातो. म्हणून चारही इंजेक्टर बदलायला सांगितले तर गाडीमालकाने आधी करेक्शनचे आकडे आणि रिटर्नच्या बाटल्यांतली पातळी दाखवायला सांगावी.