वारेतील पेशीमृत्यू

गर्भाचे पोषण, श्वसन आणि उत्सर्जन ही तिन्ही कामे सांभाळणाऱ्या वारेत, म्हणजेच अपरेत, निरोगी गरोदरपणातही पेशी सतत मरत असतात व त्यांची जागा नव्या पेशी घेत असतात. प्रीएक्लाम्पसिया (विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जाणे आणि बहुधा लघवीतून प्रथिने जाणे) किंवा गर्भाची वाढ खुंटणे अशा गुंतागुंतीत मात्र या झीज-भरपाईचा तोल बिघडतो.

पूर्ण दिवसांची वार सुमारे ५०० ग्रॅम वजनाची असते. तिच्यात झाडाच्या फांद्यांसारखे फुटत गेलेले असंख्य अंकुर मातेच्या रक्तात बुडलेले असतात आणि त्यांचा एकत्रित पृष्ठभाग १० चौरस मीटरहून अधिक भरतो. प्रत्येक अंकुरावरचे आच्छादन दुहेरी असते: आत सायटोट्रोफोब्लास्ट या सुट्या पेशी, आणि बाहेर, मातेच्या रक्ताला थेट भिडणारा, सिन्सिटिओट्रोफोब्लास्ट हा थर. या बाहेरच्या थरात पेशींच्या भिंतीच नसतात. एकाच सलग जीवद्रव्यात अगणित केंद्रके पसरलेली असतात. ही केंद्रके विभागत नसल्यामुळे आतल्या पेशी वरच्या थरात विलीन होऊन त्याची भर घालत राहतात, तर जुनी केंद्रके पुंजक्यांत गोळा होतात व त्यांपैकी काही पुंजके सुटून मातेच्या रक्तात जातात. झटके येऊन दगावलेल्या गरोदर स्त्रियांच्या फुप्फुसांत असे तुकडे अडकलेले जर्मन विकृतिशास्त्रज्ञ गेओर्ग श्मोर्ल यांनी १८९३ मध्येच नोंदवले होते.

पेशी मरण्याच्या रीती निरनिराळ्या आहेत. अपोप्टोसिस हे नाव केर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये रूढ केले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ, आणि तो अर्थ येथे नेमका लागू पडतो. या रीतीत कॅस्पेज नावाची विकरे पेशीचा सांगाडा आतून मोडतात, डीएनए ठरावीक लांबीवर कापला जातो, पेशी आक्रसते, पण तिचे आवरण फुटत नसल्यामुळे आसपास दाह होत नाही. नेक्रोसिसमध्ये याउलट पेशी सुजून फुटते व तिच्यातील द्रव्ये बाहेर सांडून दाह पेटतो. गुंतागुंतीच्या गरोदरपणात पहिल्या रीतीचे प्रमाण वाढते, आणि तिच्यात दुसरीची भेसळ होते.

बिघाडाचे मूळ बहुधा गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यातच असते. गर्भाशयाच्या भिंतीतील नागमोडी रोहिण्यांत ट्रोफोब्लास्ट पेशी शिरून त्यांचा स्नायुथर नाहीसा करतात, त्यामुळे त्या रुंद होतात आणि मातेचे रक्त वारेत संथपणे उतरते. हे काम अपुरे राहिले, तर अरुंद रोहिण्यांतून रक्त जोराच्या चिळकांडीसारखे येते, शिवाय स्नायू शाबूत असल्याने मधूनमधून त्या आवळतात. ऑक्सिजन सतत कमी असण्यापेक्षा तो तुटून पुन्हा एकदम मिळणे हे ऊतीला अधिक घातक ठरते, कारण त्या क्षणी ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू मोठ्या प्रमाणात तयार होऊन पेशींतील सूत्रकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, इजा पावतात आणि कॅस्पेजची साखळी सुरू होते. ताणाखालच्या अशा वारेतून मातेच्या रक्तात तुकड्यांबरोबर एसएफएलटी-१ हे प्रथिनही जादा सुटते. ते रक्तवाहिन्या निरोगी राखणाऱ्या घटकांना धरून निष्प्रभ करते, आणि वारेतले दुखणे मातेच्या मूत्रपिंडांपर्यंत, यकृतापर्यंत व मेंदूपर्यंत पोचते. गर्भच नसलेल्या द्राक्षगर्भातही प्रीएक्लाम्पसिया होतो, यावरून या आजाराचा उगम वारेत आहे हे स्पष्ट दिसते.

या पेशीमृत्यूचा एक अनपेक्षित उपयोगही झाला आहे. डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९९७ मध्ये मातेच्या रक्तद्रवात गर्भाचा म्हणून जो डीएनए सापडला, तो मुख्यतः मरणाऱ्या ट्रोफोब्लास्टमधून आलेला असतो. गर्भातील गुणसूत्रदोषांची आज होणारी रक्तचाचणी त्यावरच उभी आहे.

मृत्यू नेमका कोणत्या थरात वाढतो याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींच्या मते तो मुख्यतः आतल्या सुट्या पेशींत होतो आणि बाहेरच्या थरातील पुंजक्यांना सरसकट अपोप्टोसिस म्हणणे घाईचे आहे. हा आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवा, कारण अभ्यासासाठी हाती येते ती प्रसूतीनंतरची वार, आणि प्रत्येक कळेसरशी गर्भाशय आवळून तिचा रक्तपुरवठा घटत असल्यामुळे कळांनी झालेली इजा आणि महिनोन्‌महिने चाललेल्या आजाराची इजा एकाच काचपट्टीवर दिसते. म्हणून कळा सुरू होण्यापूर्वी शस्त्रक्रियेने काढलेल्या व लगेच जतन केलेल्या नमुन्यांना अधिक वजन दिले जाते.

मरणाऱ्या पेशी वाचवणारे सिद्ध औषध अद्याप नाही. धोका जास्त असलेल्या स्त्रियांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोळाव्या आठवड्यापूर्वी सुरू केलेल्या अल्प मात्रेतील ॲस्पिरिनने प्रीएक्लाम्पसिया टळण्याची शक्यता वाढते. आजार एकदा जडला की प्रसूती होऊन वार पडणे हाच त्यावरचा उपाय आहे, आणि तरीही प्रसूतीनंतर काही दिवस मातेच्या रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते.