ड्रायर फिरतो, पण तापत नाही

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी गाइडना वीस पानांचं एक प्रकरण दिलं. विषय होता अमेरिकेतल्या घरगुती वॉशिंग मशीनचा इतिहास. सुरुवात अर्थातच 'पहिलं इलेक्ट्रिक वॉशिंग मशीन कोणी बनवलं' इथून केली होती. आठवड्याभराने पानं परत आली तेव्हा समासात एवढंच लिहिलेलं होतं: "बरं, मग?"

मी एम.एस्सी. फिजिक्सचा. आमच्याकडे शोध कोणाचा, कोणत्या वर्षीचा, हे सांगितलं की इतिहास संपतो. त्यामुळे त्या दोन शब्दांचा मला रागच आला. पण त्याच हिवाळ्यात माझ्या भाड्याच्या घरातलं मशीन बिघडलं आणि त्या प्रश्नाचा अर्थ हळूहळू कळायला लागला. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल, विषय सापडलाय पण प्रश्न सापडत नाहीये अशा अवस्थेत असाल, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

आधी 'पहिलं कोण' या प्रश्नाचं काय झालं ते सांगतो. बऱ्याच पुस्तकांत आल्वा फिशर यांचं नाव दिसतं. त्यांचं अमेरिकन पेटंट 1910 सालचं, क्रमांक 966677. मीही तेच लिहिलं होतं. पण पेटंटच्या नोंदी स्वतः चाळल्या तर त्याच्या आधीचं, 921195 क्रमांकाचं, वुड्रो नावाच्या माणसाचं पेटंट सापडतं. म्हणजे फिशर पहिले नव्हेत. मग वुड्रो पहिले का? तेही खात्रीने सांगता येत नाही. समजा उद्या त्याहून जुना कागद मिळाला, तर माझ्या प्रकरणातलं एक नाव बदलेल. बाकी एकही वाक्य बदलणार नाही. उत्तर बदलूनही काहीच बदलत नसेल तर तो प्रश्न संशोधनाचा नाही, हे लक्षात ठेवा.

आता मशीनकडे येऊ. आमच्या घरात एका अरुंद कपाटात खाली वॉशर आणि त्याच्यावर ड्रायर अशी जोडी आहे. अमेरिकेतल्या छोट्या अपार्टमेंटांत ही रचना सर्रास दिसते. जड आणि हादरणारं यंत्र खाली, हलकं वर. एके रात्री ड्रायर नेहमीसारखा फिरत होता, आवाज नेहमीचा, दिवा लागलेला. तासाभराने दार उघडलं तर कपडे थंडगार आणि ओले. मी ठरवून टाकलं की हीटरची कॉइल जळली. फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, दोरी बांध आणि वाळत घाल, त्यात काय एवढं!"

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाले काका आले. त्यांनी ड्रायरला हातही लावला नाही. ते सरळ तळघरात गेले, जुना फ्यूजबॉक्स उघडला, ड्रायरच्या लाइनचे दोन फ्यूज बाहेर काढले आणि मीटर लावून पाहिलं. एक चांगला होता, एक गेलेला. नवा बसवला आणि ड्रायर तापायला लागला.

मला प्रश्न पडला की फ्यूज गेला तर यंत्र बंदच पडायला हवं, मग ड्रम कसा फिरत होता? आपल्याकडे घरात साधारणपणे एक फेज, एक न्यूट्रल आणि 230 व्होल्ट असतात. फेज गेली की सगळंच बंद. अमेरिकेत घरात तीन तारा येतात: मधली न्यूट्रल आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक 'गरम' तार. न्यूट्रल आणि कोणतीही एक गरम तार यांच्यात 120 व्होल्ट, तर दोन गरम तारांमध्ये 240 व्होल्ट मिळतात. इथल्या बहुतेक इलेक्ट्रिक ड्रायरमध्ये मोटर चालते 120 वर आणि हीटर 240 वर. त्यामुळे मोटर ज्या तारेवर नाही नेमकी ती तार तुटली, तर ड्रम फिरत राहतो आणि हीटर थंड पडतो.

मग ही तीन तारांची पद्धत आली कुठून? इथे आपण थेट 1883 मध्ये जातो. एडिसनचे सुरुवातीचे दिवे सुमारे 110 व्होल्टचे होते. एवढ्या कमी दाबावर वीज लांब न्यायची तर करंट जास्त, म्हणून तार जाड, म्हणून तांबं भरपूर. खर्च परवडेना. मग दोन डायनॅमो एकापुढे एक जोडायचे, मधून तिसरी तार काढायची, दिवे दोन्ही बाजूंना वाटून द्यायचे, अशी युक्ती निघाली. दिव्याला 110 च मिळतात, पण बाहेरच्या दोन तारांत दुप्पट दाब असल्याने तांबं खूपच कमी लागतं. इंग्लंडमध्ये जॉन हॉपकिन्सन यांनीही स्वतंत्रपणे हीच कल्पना मांडली होती. पेनसिल्व्हेनियातल्या सनबरी गावात जुलै 1883 मध्ये एडिसनची तीन तारांची यंत्रणा सुरू झाली. पुढे डीसी जाऊन एसी आला, पण घरात येणाऱ्या तीन तारा तशाच राहिल्या.

म्हणजे बघा, तांबं वाचवण्यासाठी केलेल्या हिशोबामुळे माझे कपडे ओले राहिले! हा बिघाड या रूपात पुण्यातल्या सिंगल फेजच्या घरात होऊच शकत नाही. बिघाडालाही देश आणि काळ असतो.

त्याच भिंतीवर आणखी एक पुरावा होता. ड्रायरच्या सॉकेटला तीनच भोकं होती. 1996 च्या राष्ट्रीय विद्युत संहितेपासून अमेरिकेत ड्रायरच्या नव्या जोडणीला चार तारा लागतात, न्यूट्रल वेगळी आणि अर्थिंग वेगळं. त्याआधी एकाच तारेवर दोन्ही कामं भागवायला परवानगी होती. म्हणून तीन भोकांचं सॉकेट दिसलं की ते वायरिंग बहुधा 1996 च्या आधीचं समजावं. नाण्यावरून काळ ठरवतात तसा सॉकेटवरूनही ठरवता येतो.

दुसरा बिघाड महिन्याभराने झाला. कपडे पिळायची वेळ आली की सगळी जोडी थडथडायला लागायची. इथे माझं फिजिक्स कामी आलं. समजा ड्रमची त्रिज्या 24 सेंटिमीटर, वेग मिनिटाला 1200 फेरे आणि एका बाजूला अर्धा किलो ओला कपडा जास्त. गणित केलं तर केंद्रोत्सारी बल येतं जवळपास 1900 न्यूटन, म्हणजे सुमारे 190 किलो वजनाएवढं. आणि त्याची दिशा सेकंदाला वीस वेळा फिरते. म्हणून तर एका बाजूला भार जास्त आहे असं जाणवलं की आजची मशीनं वेग वाढवतच नाहीत.

उपाय साधाच होता. एकच जाड चादर एकटी टाकायची नाही, सोबत दोन-तीन टॉवेल टाकायचे. चारही पाय जमिनीला टेकलेत का ते पाणसळ ठेवून बघायचं, एखादा पाय अधांतरी असेल तर पान्याने खालीवर करायचा. दोन यंत्रांना जोडणाऱ्या पट्ट्यांचे स्क्रू ढिले झालेत का तेही तपासायचं. नव्या मशीनबरोबर ड्रम धरून ठेवणारे वाहतुकीचे बोल्ट येतात, ते बसवताना काढायचे राहिले तर मशीन अक्षरशः नाचतं.

पण इतिहासाचा धडा वेगळाच आहे. 1937 मध्ये बेंडिक्सचं स्वयंचलित मशीन बाजारात आलं. समोरून दार, धुणं-खंगाळणं-पिळणं आपोआप. जाहिरातीच्या भाषेत क्रांती! पण त्याला हादरे शोषणारी व्यवस्थाच नव्हती, त्यामुळे ते जमिनीला बोल्टने पक्कं करावं लागायचं. आता विचार करा, भाड्याच्या घरात जमिनीला भोकं कोण पाडू देणार? लाकडी जमीन असेल तर काय? 'स्वयंचलित' यंत्र कोणाच्या घरात जाऊ शकत होतं, हे अंशतः त्या बोल्टनी ठरवलं. पुढे अमेरिकेत वरून झाकण असलेली मशीनं गाजली. त्यांच्या डोक्यावर थेट ड्रायर ठेवता येत नाही, झाकण उघडायला जागा लागते. 1990 च्या दशकात समोरून उघडणारी मशीनं पुन्हा जोमाने आली, तेव्हा दोन सुटी यंत्रं एकावर एक ठेवणं सोपं झालं. हे पेटंटच्या यादीत दिसत नाही, बसवायच्या सूचनांत दिसतं.

तिसरा बिघाड सगळ्यांत हळू आला, म्हणून सगळ्यांत धोक्याचा. कपडे वाळायला आधी पन्नास मिनिटं लागायची, मग सत्तर, मग शंभर. ड्रायर गरम होत होता, जाळीही मी दर वेळी साफ करत होतो. मागे पाहिलं तर गरम हवा बाहेर नेणारा पाइप भिंत आणि मशीन यांच्यात चेपला होता, आणि आत लिंटचा, म्हणजे कपड्यांतून सुटणाऱ्या बारीक तंतूंचा, बोळा बसला होता. एकावर एक ठेवलेल्या यंत्रांत हे जास्त होतं, कारण कपाट अरुंद आणि ड्रायर वर, त्यामुळे मागे कोणी डोकावतच नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. हवा अडली की ड्रायर जास्त तापतो आणि थर्मल फ्यूज उडतो. तो एकदाच वापरायचा असतो, रीसेट होत नाही. बरेच जण नवा फ्यूज टाकून मोकळे होतात आणि थोड्याच दिवसांत तोही उडतो. कारण फ्यूज हा आजार नव्हे, तो ताप आहे. आजार पाइपमध्ये आहे. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या 2008 ते 2010 च्या आकडेवारीनुसार घरगुती ड्रायरमुळे वर्षाला सुमारे 2900 आगी लागत होत्या आणि प्रमुख कारण होतं साफसफाई न करणं. म्हणून जाळी दर वेळी साफ करायची, पाइप वर्षातून एकदा प्लग काढून साफ करायचा, आणि प्लास्टिकचा पाइप असेल तर बदलून धातूचा घ्यायचा.

आता प्रश्न असा की ही साफसफाई कोण करत होतं? जाहिरातीतलं यंत्र 'श्रम वाचवतं'. रुथ श्वार्ट्झ कोवन यांनी 1983 च्या 'मोअर वर्क फॉर मदर' या पुस्तकात नेमकं हेच तपासलं. यंत्र येण्याआधी अनेक घरांचे कपडे धोबिणी किंवा व्यावसायिक लाँड्र्या धूत होत्या. मशीन आलं आणि ते काम घरातल्या बाईकडे परत आलं. कपडे जास्त वेळा धुतले जाऊ लागले, स्वच्छतेची अपेक्षा वाढली. जोअन वानेक यांच्या 1974 च्या लेखातले आकडे तर चक्रावून टाकतात: पूर्णवेळ गृहिणींचं घरकाम 1920 च्या दशकात आठवड्याला सुमारे 52 तास होतं, 1960 च्या दशकात सुमारे 55. यंत्रं वाढली, तास काही कमी झाले नाहीत. जाळी साफ करणं, ड्रायर भरणं-रिकामा करणं, दुरुस्तीवाल्याची वाट बघत घरी थांबणं, हे सगळं कोणाच्या तरी दिवसातून जातं आणि पेटंटमध्ये त्याची नोंद नसते.

मी प्रकरण पुन्हा लिहिलं. आता त्याची सुरुवात एका वापरपुस्तिकेतल्या 'बिघाड आणि उपाय' या तक्त्याने होते. त्या तक्त्यातली प्रत्येक ओळ सांगते की बनवणाऱ्याला कशाची भीती होती, घरातली वायरिंग कशी होती आणि काम कोणी करावं असं गृहीत धरलं होतं.

तुम्हीही करून बघा. घरातली एक वस्तू घ्या: मिक्सर, सोसायटीचा पंप, इन्व्हर्टर, काहीही. ती कोणी शोधली हे तूर्त सोडून द्या. ती कशी बिघडते, तो बिघाड दुसऱ्या देशात किंवा दुसऱ्या काळात झाला असता का, आणि बिघडल्यावर कोणाचा दिवस मोडतो, एवढे तीन प्रश्न वहीत लिहा. पंपवाल्या काकांशी अर्धा तास बोला. मग ग्रंथालयात जा.

दुसऱ्या खर्ड्यावरही समासात शेरा आला. या वेळी तीन शब्द होते: "आता पुढचं सांग."