पेन्शन : दान की देणे?

आमच्या पिपरी मेघेत निवृत्त मंडळींच्या गप्पांत एक प्रश्न हटकून निघतो : पेन्शन हे सरकारने दिलेले दान, की सरकारवरचे देणे?

इतिहासाने याचे उत्तर एकदा दिले आहे. १९७९ साली केंद्र सरकारने पेन्शनचा हिशेब उदार केला. पण ३१ मार्च १९७९ पासून पुढे निवृत्त होणाऱ्यांपुरताच. सेवा तीच, पगार तोच. मात्र निरोपाचा हार एक दिवस आधी गळ्यात पडला, तर उरलेला जन्म तोकड्या पेन्शनवर! १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही रेघ पुसली. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने बजावले, की पेन्शन ही मेहेरबानी नव्हे; केलेल्या चाकरीचा तो मोबदला आहे.

पुढे महाराष्ट्राने दुसरी रेघ ओढली. १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीस लागणाऱ्यांची जुनी पेन्शन गेली; पगारातून दहा टक्के कापून अंशदानाची योजना आली. पहिल्या रेघेने झालेल्या सेवेत भेद केला, दुसरीने पुढची अट बदलली; हा फरक मानलाच पाहिजे. तिजोरीलाही तळ असतो. तरी एकाच शाळेतल्या दोन गुरुजींचे म्हातारपण निराळे का, हा सवाल मार्च २०२३ च्या संपात रस्त्यावर आला, आणि २०२४ साली शासनाने निम्म्या पगाराच्या हमीचा पर्याय जाहीर केला.

मला एवढेच वाटते : अट बदलायची तर कामावर घेतानाच सांगावी. घाम गाळून झाल्यावर मजुरी घटवणे, याला आमच्याकडे न्याय म्हणत नाहीत.