तीनशे दोन पेशींचे जाळे

१/ एखाद्या जीवाच्या मज्जासंस्थेतील प्रत्येक पेशी आणि प्रत्येक जोड कागदावर उतरवला, तर त्याचे वर्तन उलगडेल काय? १९६० च्या दशकात केंब्रिजमध्ये सिडनी ब्रेनर यांनी हा प्रश्न हाती घेतला. त्यासाठी त्यांनी निवडला जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा कृमी, सी. एलेगन्स.

२/ निवडीमागे हिशेब होता. मानवी मेंदूत अब्जावधी चेतापेशी, तर या उभयलिंगी कृमीत अवघ्या ३०२. निकोल थॉमसन यांनी त्याचे अतिसूक्ष्म काप केले. जॉन व्हाइट आणि आयलीन साउथगेट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या हजारो छायाचित्रांतून एकेका तंतूचा माग काढला. त्या काळच्या संगणकाला हे काम पेलले नाही. ते हातानेच झाले.

३/ १९८६ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात ३४० पानांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. त्यात चेतापेशींमधील सुमारे ५,००० रासायनिक आणि ६०० विद्युत जोड नोंदले होते.

४/ या नकाशाची कसोटी त्याआधीच लागली होती. डोक्याकडे हलका स्पर्श होताच कृमी मागे सरकतो, शेपटीकडे झाल्यास पुढे. हे कोणत्या पेशी घडवतात? मार्टिन चॅल्फी आणि सहकाऱ्यांनी जोडण्यांवरून अंदाज बांधला, लेसरने नेमक्या पेशी नष्ट केल्या आणि वर्तनातील बदल तपासला. १९८५ मध्ये स्पर्शाचे मंडल उलगडले.

५/ १९९८ मध्ये डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ या गणितज्ञांनी हेच जाळे वीजवाहिन्यांच्या आणि चित्रपट-कलावंतांच्या जाळ्यांशेजारी ठेवले. तिन्हींत एकच घडण आढळली: शेजारी घट्ट गुंफलेले, तरीही कोणत्याही दोन बिंदूंमधील अंतर अल्प. कृमीच्या जाळ्यात एका पेशीपासून दुसरीपर्यंत सरासरी तीनहून कमी पायऱ्या पुरतात.

६/ तरीही मूळ प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आले नाही. जोड आहे एवढे नकाशा सांगतो. तो जोड पुढच्या पेशीला चेतवतो की आवरतो, हे नेहमी सांगत नाही. शिवाय सेरोटोनिनसारखी रसायने त्याच जोडण्यांचे वर्तन बदलतात. म्हणूनच भुकेला आणि पोट भरलेला कृमी वेगळे वागतात.

७/ मग इतक्या वर्षांच्या श्रमांनी काय साधले? कोणती पेशी तपासायची, कोणता प्रयोग करायचा, हे ठरवण्याचे साधन हाती आले. २०१९ मध्ये नर आणि उभयलिंगी अशा दोन्ही कृमींचे संपूर्ण नकाशे प्रसिद्ध झाले. ब्रेनर यांच्या प्रश्नावरील काम आजही सुरूच आहे.