कॉलच्या आधी, दवाखान्याच्या नंतर

रुग्णवाहिकेचा अभ्यास म्हटला की बहुतेक अभ्यासक घड्याळ काढून बसतात. कॉल कितीला आला, गाडी कितीला निघाली, कितीला पोहोचली. ही मिनिटं महत्त्वाची आहेतच. सर्पदंशात किंवा बाळंतपणातल्या रक्तस्रावात त्यांच्यावरच जीव टांगलेला असतो. पण ज्या क्षेत्रात वाचकाला इथे बोलावतो आहे, ते या मिनिटांमधून गेलेल्या माणसाचं आहे. आजाऱ्याला आणि त्याच्या घरच्यांना ही सेवा कशी भेटली, काय कळलं, कशाची भीती वाटली, कशाची लाज वाटली. सरकारी नोंद कॉलपासून सुरू होते आणि दवाखान्याच्या दारात संपते. रुग्णाचा अनुभव त्याच्या बराच आधी सुरू होतो आणि बऱ्याच नंतरपर्यंत चालतो.

महाराष्ट्रात १०८ची सेवा २०१४च्या जानेवारीत सुरू झाली, तेव्हा तिच्यात ९३७ गाड्या होत्या: २३३ प्रगत सोयींच्या, ७०४ प्राथमिक सोयींच्या. गरोदर माता आणि आजारी तान्ह्या बाळांसाठी १०२ वेगळी. आपल्या १०८चं एक वैशिष्ट्य अभ्यासकांच्या नजरेतून निसटतं. इथे गाडीसोबत डॉक्टर असतो, बहुधा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचा पदवीधर, आणि चालक, ज्याला सगळे पायलट म्हणतात. म्हणजे उपचार ओसरीवरच सुरू होतो. ज्या घरात डॉक्टरने कधी पाऊल ठेवलं नाही, तिथे तो रात्री-अपरात्री चुलीजवळून वाट काढत बाजेपर्यंत येतो. लोकांच्या लेखी मात्र ती गाडीच असते, आणि तिच्याकडून अपेक्षा एकच: लवकर मोठ्या दवाखान्यात न्या.

अकोला जिल्ह्यातल्या पातूर तालुक्याचंच उदाहरण घेऊ. पातूरहून अकोला तीसेक किलोमीटर. वाशीमकडे निघालं की घाट लागतो, आणि डोंगराच्या अंगाला विखुरलेली गावं व शेतांतली घरं. समजा, आलेगावच्या पलीकडे शेतातल्या एका घरी रात्री म्हाताऱ्याला धाप लागली. मुलगा १०८ लावतो. फोन उचलला जातो पुण्यात. तिकडून जिल्हा, तालुका, गाव, जवळची खूण असं क्रमाने विचारलं जातं. इकडे पोराचं एकच: ‘बुढ्याले धाप लागली, लवकर पाठवा.’ खूण म्हणून तो निंबाचं झाड सांगतो, मारोतीचा पार सांगतो, शेताजवळची डीपी सांगतो. गावातल्या कोणालाही ते पुरेसं आहे, पुण्याला नाही. मग एक जण मोबाइलचा टॉर्च घेऊन फाट्यावर जाऊन उभा राहतो, आणि बाकीच्यांत वाद सुरू होतो की बाज उचलून रस्त्यापर्यंत आणायची की इथेच थांबायचं. नोंदीत हा सगळा काळ ‘प्रतिसादाचा वेळ’ या एका आकड्यात बसतो. त्या काळात फोनवरून कोणी ‘त्यांना आडवं नका करू, टेकवून बसवा’ एवढं जरी सांगितलं, तरी घरच्यांच्या आठवणीत उपचार तिथूनच सुरू झालेला असतो.

गाडी आल्यानंतरचं तर अजून कमी लिहिलं गेलं आहे. छातीत दुखणाऱ्या बाईला ईसीजीच्या पट्ट्या लावायच्या असतात. डॉक्टर पुरुष, सोबतीला आलेला दीर, दाराशी अर्धी आळी. पदर कोणी सावरायचा, दिराला बाहेर थांबायला कोणी सांगायचं, सासूला आत घ्यायचं का? वैद्यकीयदृष्ट्या हे किरकोळ. बाईला विचाराल तर त्या रात्रीचं पहिलं हेच आठवेल. घरी दिलेल्या उपचाराला दवाखान्याचा पडदा नसतो, आणि म्हणून रुग्णाने सांगितलेली हकीकतही अंगणात कोण उभं आहे त्यावर ठरते. फवारणीच्या दिवसांत विषबाधेचा रुग्ण आला की हे ठळक दिसतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, त्यानंतर वऱ्हाडात हा विषय कोणाला नवा नाही. तरी कुठलं औषध, किती वेळ, तोंडाला फडकं होतं का, या प्रश्नांची उत्तरं शेतमालक शेजारी उभा असताना मजुराने कशी द्यायची?

बाहेरच्या अभ्यासातून दोन गोष्टी उपयोगी पडतील. थॅडियस आणि मेन यांनी १९९४ साली मातामृत्यूंबद्दल लिहिताना उशिराचे तीन टप्पे मांडले: जायचं ठरवायला, पोहोचायला आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला लागणारा उशीर. पहिला टप्पा आपल्याकडे घरातल्या पुरुषांची वाट पाहण्यात जातो, आणि तो १०८च्या नोंदीत येत नाही. इंग्लंडमध्ये रुग्णवाहिकेच्या पथकाने घरीच उपचार करून रुग्णाला घरीच ठेवणं ही रूढ पद्धत आहे, म्हणून तिथले संशोधक ‘मला का नेलं नाही’ हा अनुभवही विचारतात. आपल्याकडे तो प्रश्न अजून नीट उभाच राहिलेला नाही. इथे न नेणं म्हणजे टाळणं, असंच धरलं जातं.

पद्धतीबद्दल एक स्पष्ट मत नोंदवतो. ‘सेवेबद्दल समाधानी आहात का’ हा प्रश्न या भागात निरुपयोगी आहे. सेवा फुकट, विचारणारा साहेब, आणि माणूस वाचलेला. उत्तर ठरलेलं: ‘चांगलं झालं जी.’ माणूस दगावला असेल तरी घरचे गाडीवाल्याला नावं ठेवत नाहीत, नशिबावर सोडतात. त्याऐवजी ‘गाडी येईपर्यंत काय काय केलं’ असं विचारावं, आणि गप्प बसावं.

परतीचंही विचारावं. १०८ नेऊन सोडते. बाळंतिणीला १०२ घरी आणते, बाकीच्यांनी आपलं आपण पाहायचं. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयातून सुट्टी झालेला, टाके ओले असलेला माणूस एसटीने पातूरला उतरतो आणि पुढे गावापर्यंत ऑटो शोधतो. तिथल्याच लेडी हार्डिंग या स्त्री रुग्णालयात भरती झालेल्या सुनेसोबत घाईत गेलेल्या सासूजवळ पैसेही नसतात, बदलायचं लुगडंही नसतं.

नव्याने काम सुरू करणाऱ्याने आशाताईंपासून सुरुवात करावी. गाडी बोलवायचा फोन कित्येकदा त्यांच्याच मोबाइलवरून गेलेला असतो, आणि कोणत्या घरी आत्ता जाऊ नये हेही त्याच सांगतात. पायलटशीही बोलावं, रस्ता त्याला ठाऊक असतो आणि मागे काय चाललं होतं ते आवाजावरून त्याला कळत असतं. घरच्यांकडे घटनेनंतर लगेच जाऊ नये, सोयाबीनच्या सोंगणीत तर मुळीच नाही. रुग्णाशी एकट्याने बोलता येईल अशी वेळ मागून घ्यावी, कारण पहिल्या भेटीत त्याच्या वतीने सगळं घरच बोलतं.